एल निनोच्या बातम्या लिहिणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मराठी दैनिके, वृत्तवाहिन्या आणि बातम्यांची संकेतस्थळे यांचे संपादक, वृत्तसंपादक व उपसंपादक

सप्रेम नमस्कार.

मार्च उजाडला की 'यंदा पावसावर एल निनोचे सावट' ही बातमी येते. एप्रिलच्या मध्याला हवामान विभागाचा पहिला अंदाज आला की 'बळीराजा सुखावणार'. जूनमध्ये पाऊस आठवडाभर लांबला की पुन्हा सावट. तीन महिन्यांत वाचक दोनदा घाबरतो, एकदा सुखावतो, आणि तेवढ्या काळात समुद्रात नेमके काय घडते आहे ते त्याला एकदाही कळत नाही. आम्ही हवामान आणि समुद्र या विषयांचा अभ्यास करणारी आणि ते शिकवणारी मंडळी आहोत. तक्रार आहेच, पण या पत्रातला बराचसा मजकूर बातमीच्या टेबलावर वापरता यावा अशा बेताने लिहिला आहे.

आमचे मुख्य म्हणणे असे. 'एल निनो येणार, दुष्काळ पडणार' या वाक्यात तीन वेगळ्या गोष्टी गुंडाळलेल्या असतात: प्रशांत महासागराचे पाणी तापले, वातावरणाने त्याला साथ दिली, आणि आपल्याकडे पाऊस घटला. पहिली झाली म्हणून दुसरी होतेच असे नाही आणि दुसरी झाली म्हणून तिसरी होतेच असेही नाही. बातमी मात्र पहिल्या पायरीवरून थेट तिसरीवर उडी मारते.

आधी समुद्र. विषुववृत्ताजवळ प्रशांत महासागरावर एरवी वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात. हे व्यापारी वारे उन्हाने तापलेले वरचे पाणी इंडोनेशियाच्या बाजूला ढकलत राहतात, इतके की तिकडची समुद्रपातळी पेरूच्या बाजूपेक्षा सुमारे अर्धा मीटर उंच असते. तिकडे गरम पाण्याचा थर दीडशे मीटर किंवा त्याहून जाड असतो. पेरूकडे तो पन्नास मीटरही भरत नाही, आणि त्याखालचे गार पाणी सतत वर येत राहते. त्या गार पाण्याबरोबर माशांचे खाद्य वाढवणारी द्रव्ये वर येतात, म्हणून पेरूची अँकोव्ही मासेमारी जगातल्या सर्वांत मोठ्या मासेमारींपैकी एक आहे. पश्चिमेच्या २९ अंशांच्या पाण्यावरची हवा दमट होऊन वर चढते, ढग उभे राहतात, पाऊस पडतो. वर गेलेली हवा पूर्वेकडे जाऊन पेरूसमोर खाली उतरते आणि समुद्रालगत पुन्हा पश्चिमेकडे वाहू लागते. म्हणजे पाण्याच्या तापमानातला फरक वारा चालवतो आणि तो वाराच हा फरक टिकवून धरतो.

एल निनोत हे चक्र उलट बाजूने स्वतःला वाढवत नेते. व्यापारी वारे ढिले पडतात किंवा पश्चिमेकडून वाऱ्याचे जोरदार झोत येतात. पश्चिमेला साठलेले गरम पाणी पूर्वेकडे सरकू लागते. ही हालचाल बरीचशी पृष्ठभागाखालून होते. केल्विन लाट म्हणतात ती हीच, आणि महासागर ओलांडायला तिला दोन-तीन महिने लागतात. पूर्वेचे पाणी तापले की दोन टोकांच्या दाबातला फरक घटतो, त्यामुळे वारे आणखी मंदावतात आणि पाणी आणखी तापते. ढगांचा कारखाना इंडोनेशियावरून उठून मध्य प्रशांतावर जातो. वर चढलेली हवा कुठेतरी खाली उतरावीच लागते. ती इंडोनेशिया, ऑस्ट्रेलिया आणि कधी कधी भारत या पट्ट्यात उतरते. उतरती हवा ढग वाढू देत नाही. प्रशांतातल्या पाण्याचा आणि जायकवाडीच्या पाण्याचा संबंध लागतो तो या उतरत्या हवेतून, आणि 'कधी कधी' हे दोन शब्द त्यात सर्वांत महत्त्वाचे आहेत.

दाबाची ही पूर्व-पश्चिम अदलाबदल ज्यांनी शोधली ते सर गिल्बर्ट वॉकर १९०४ ते १९२४ या काळात भारतीय हवामान खात्याचे प्रमुख होते. भारताच्या पावसाचा अंदाज आधी कसा बांधावा हा त्यांचा प्रश्न होता. उत्तर शोधताना त्यांना जगभरच्या वेधशाळांच्या आकड्यांत ही हालचाल दिसली. समुद्राचा तिच्यातला वाटा मात्र १९६९ साली याकोब बियर्कनेस यांनी उलगडला, आणि वर सांगितलेल्या चक्राला त्यांनीच वॉकर यांचे नाव दिले. म्हणजे या विषयाची निम्मी मुळे आपल्या पावसाच्या काळजीत आहेत. आपल्याच भाषेत तो असा ढोबळ छापला जावा याचे म्हणूनच जास्त वाईट वाटते.

आता दुसरी पायरी. टाळी एका हाताने वाजत नाही. नुसता समुद्र तापून एल निनो होत नाही. २०१४ च्या मार्च-एप्रिलमध्ये प्रशांताखालून एक जबरदस्त केल्विन लाट पूर्वेकडे निघाली होती. १९९७ ची आठवण व्हावी इतकी मोठी. जगभर 'महाएल निनो'चे मथळे झाले. पण वाऱ्यांनी साथ दिली नाही, ढग मध्य प्रशांताकडे सरकले नाहीत आणि आपल्या पावसाळ्यात ती ऊब विरून गेली. वर्षाअखेरीस कसाबसा कमजोर एल निनो उभा राहिला. खरा मोठा आला तो २०१५ मध्ये. म्हणून 'प्रशांत महासागराचे तापमान वाढले' ही बातमी हातात आली की पुढचा प्रश्न विचारावा: वारे मंदावले आहेत का? ताहिती आणि डार्विन इथल्या हवेच्या दाबातला फरक घटला आहे का? आंतरराष्ट्रीय तारखेच्या रेषेजवळ ढग वाढले आहेत का? ही उत्तरे अमेरिकेच्या हवामान संस्थेच्या मासिक निवेदनात असतात. ते दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी निघते. वातावरणाने समुद्राला साथ दिली आहे की नाही हे त्यात स्पष्ट लिहिलेले असते. बातमीत मात्र बहुतेक वेळा एल निनो होण्याच्या शक्यतेची फक्त टक्केवारी उचलली जाते.

ती शक्यता नेमकी कशाची, त्याबद्दलही थोडे. मोजणीसाठी जो पट्टा धरतात त्याचे नाव निनो ३.४. विषुववृत्ताच्या उत्तरेला-दक्षिणेला पाच-पाच अंश, आणि १२० ते १७० अंश पश्चिम रेखांश. तिथले पृष्ठभागाचे तापमान सरासरीपेक्षा किमान अर्धा अंश जास्त राहिले, आणि तीन-तीन महिन्यांच्या सरकत्या सरासरीत सलग पाच वेळा राहिले, तर त्या काळाची नोंद एल निनो म्हणून होते. एका आठवड्याचा ०.६ हा आकडा म्हणजे एल निनो नव्हे. पेरूच्या किनाऱ्यालगतचे पाणी तापणे हेही वेगळे प्रकरण आहे. २०१७ च्या सुरुवातीला तिथे पाणी इतके तापले की पेरूत भयंकर पूर आले. त्या वेळी निनो ३.४ मात्र तटस्थ, म्हणजे सरासरीच्या जवळपास होता.

मार्च ते मे या काळात केलेल्या प्रशांताच्या अंदाजांवर सर्वांत कमी भरवसा ठेवावा. त्या ऋतूत समुद्र आणि वातावरण यांची बांधणी सैल असते, लहानसा वाऱ्याचा झोतही पुढची दिशा बदलू शकतो. तज्ज्ञ याला वसंतातला अडथळा म्हणतात. आपल्या बातम्यांचा हंगाम नेमका तेव्हाच असतो, हे दुर्दैव. एल निनोचा कमाल जोर सहसा नोव्हेंबर ते जानेवारीत असतो हेही लक्षात ठेवावे. 'एल निनो अतितीव्र होणार' असे एखादे प्रारूप (संगणकावर चालणारे हवामानाचे गणित) सांगते तेव्हा तो आकडा बहुधा डिसेंबरचा असतो. आपला पाऊस जून ते सप्टेंबर. डिसेंबरचा जोर जुलैच्या बातमीत घालणे म्हणजे वाचकाला चुकीचा महिना दाखवणे.

तिसरी पायरी आपल्याकडची. इथे आकडेच बोलतात. १९९७-९८ चा एल निनो गेल्या शतकातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक होता. ऐन भरात निनो ३.४ चे तापमान सरासरीच्या सुमारे २.४ अंश वर होते. १९९७ च्या पावसाळ्यात देशात सरासरीच्या १०२ टक्के पाऊस पडला. २००२ चा एल निनो त्याच्या जेमतेम निम्मा, आणि पाऊस ८१ टक्के. जुलै तर जवळपास निम्मा कोरडा गेला. २००९ मध्ये ७८ टक्के. २०१५ चा एल निनो १९९७ च्या तोडीचा होता, पाऊस ८६ टक्के. एल निनो जितका मोठा तितका दुष्काळ मोठा, हे समीकरण या चार वर्षांतच मोडते. खुद्द हवामान विभागाने एप्रिल २०२३ मध्ये सांगितले होते की १९५१ ते २०२२ मधल्या पंधरा एल निनो वर्षांपैकी सहा वर्षांत पाऊस सरासरीइतका किंवा जास्त झाला. उरलेल्या नऊ वर्षांत कमी झाला, हेही त्याच वाक्यातले सत्य. धोका वाढतो, नक्कीच वाढतो. पण तो ठरत नाही.

१९९७ आणि २००२ मध्ये एवढा फरक का पडला, याचे एक कारण ऊब कुठे होती हे आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवले की तापलेले पाणी मध्य प्रशांतात असेल तर उतरती हवा भारतावर येते. ते पूर्वेला, दक्षिण अमेरिकेच्या बाजूला असेल तर भारत तुलनेने सुटतो. २००२ आणि २००९ मध्ये ऊब मध्यावर होती, १९९७ मध्ये पूर्वेला. म्हणून 'किती तापले' याच्या जोडीने 'कुठे तापले' हे बातमीत यावे. नकाशा छापत असाल तर आंतरराष्ट्रीय तारखेची रेषा दाखवा, म्हणजे वाचकाला ती जागा ओळखता येईल.

दुसरे कारण आपल्या अंगणातला समुद्र. हिंदी महासागराचीही स्वतःची अदलाबदल असते, आणि १९९९ साली ती शास्त्रज्ञांनी वेगळी ओळखून तिला द्विध्रुव म्हटले. आफ्रिकेच्या बाजूचे पाणी गरम आणि सुमात्राजवळचे गार असले की द्विध्रुव धन, उलट असले की ऋण. दोन्हींच्या फरकाने ०.४ अंशांची पातळी ओलांडली की दखल घेतात. धन द्विध्रुव सहसा आपल्या पावसाला पोषक. १९९७ मध्ये तो जोरात होता. २०१९ मध्ये तर विक्रमीच. त्या वर्षी जून कमजोर एल निनोच्या छायेत गेला, देशात पाऊस ३३ टक्क्यांनी कमी. एप्रिलचा अंदाज ९६ टक्क्यांचा होता, हंगाम संपला ११० वर. सप्टेंबरमध्ये एकट्या महिन्याच्या सरासरीच्या दीडपट पाऊस पडला आणि मोसमी वारे परतायला ९ ऑक्टोबर उजाडला. अंदाज सपशेल चुकला, आणि ते तसेच लिहायला हवे. त्याच द्विध्रुवाने पूर्व आफ्रिकेत पूर आणले, ऑस्ट्रेलिया वाळवून वणव्यांना मोकळे रान दिले आणि अरबी समुद्रात एका वर्षात पाच चक्रीवादळे उभी राहायला हातभार लावला. ऑक्टोबरअखेरच्या क्यार वादळाच्या काळात महाराष्ट्रात काढणीला आलेले सोयाबीन, भात आणि द्राक्षबागा भिजल्या. तेव्हा 'द्विध्रुव धन, म्हणजे चिंता मिटली' हाही मथळा देऊ नये. त्याचा जोर सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये असतो. जूनच्या पेरणीला त्याचा फारसा उपयोग नाही.

एका हंगामाच्या आत काय होते त्यासाठी २०२३ पाहावे. या वर्षाच्या बातम्या पुन्हा काढून वाचल्या तर आमचे म्हणणे सर्वांत लवकर पटेल. एल निनो जूनमध्ये जाहीर झाला. त्याच महिन्यात बिपरजॉय वादळ अरबी समुद्रात नऊ-दहा दिवस रेंगाळून १५ जूनला कच्छमध्ये जखाऊजवळ जमिनीवर आले. केरळात पाऊस ८ जूनला पोचला, रत्नागिरीपाशी अडला आणि मुंबईत २५ जूनला आला, त्याच दिवशी दिल्लीतही. या उशिरात बिपरजॉयचा हात मोठा होता. मथळ्यांत नाव एल निनोचे. मग जुलै आला आणि देशात सरासरीच्या ११३ टक्के बरसला. १९ जुलैच्या रात्री रायगड जिल्ह्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. पुढचा महिना १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, तूट ३६ टक्के. २३ सप्टेंबरच्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडून वस्त्या पाण्याखाली गेल्या. देशाचा हंगामी आकडा ९४ टक्के. ऑक्टोबरअखेरीस राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. दरड, कोरडा महिना, शहरातला पूर आणि दुष्काळ हे सारे एकाच एल निनोच्या वर्षातले. हंगामाची बेरीज एक गोष्ट सांगते, आठवडे दुसरीच. आठवडे ठरवतात त्यांत मॅडन-ज्युलियन दोलन नावाचा एक ढगांचा पट्टा आहे. तो विषुववृत्तालगत पूर्वेकडे सरकत साधारण तीस ते साठ दिवसांत पृथ्वीला फेरी घालतो. तो हिंदी महासागरावर आला की एल निनोच्या वर्षातही मुसळधार पडू शकते. 'एल निनो आहे, यंदा पाऊस कमी' असे महिनाभर ऐकलेल्या डोंगरउतारावरच्या वाडीला जुलैचा इशारा गांभीर्याने घ्यावासा वाटेल का, हा प्रश्न आम्हाला मथळ्यापेक्षा मोठा वाटतो.

वादळांच्या बातम्यांतली एक चूक वारंवार दिसते. समुद्राचे पाणी साडेसव्वीस अंशांच्या वर गेले म्हणून वादळ होते, असे लिहिले जाते. ते पाणी लागतेच. पण अरबी समुद्र जुलैतही बऱ्याच भागात तेवढा उबदार असतो, तरी भर पावसाळ्यात तिथे वादळे जवळपास होत नाहीत. कारण तेव्हा खालचे वारे नैर्ऋत्येकडून आणि वरचे पूर्वेकडून इतक्या जोरात वाहतात की उभा राहू पाहणारा ढगांचा खांब कापला जातो. म्हणून वादळांचे महिने मे-जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. फयान नोव्हेंबर २००९ चे, निसर्ग ३ जून २०२० चे, तौक्ते मे २०२१ चे. उष्णदेशीय हिंदी महासागर १९५१ ते २०१५ या काळात सुमारे एक अंशाने तापला. जगाच्या समुद्रांची सरासरी याच काळात ०.७ अंशांची. अरबी समुद्रातल्या वादळांची संख्या २००१ ते २०१९ मध्ये त्याआधीच्या दोन दशकांच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी वाढल्याचे पुण्याच्याच संस्थेतल्या संशोधकांनी दाखवले आहे. हे आकडे भक्कम आहेत, बिनधास्त वापरा. एखादे विशिष्ट वादळ 'हवामानबदलामुळे आले' असे मात्र त्या दिवशीच लिहू नका. त्याचा जोर किंवा पाऊस तापलेल्या समुद्रामुळे किती वाढला, याचा हिशेब वेगळा करावा लागतो आणि त्याला वेळ लागतो.

एल निनो आणि हवामानबदल ही दोन वेगळी प्रकरणे आहेत, हे तर दर वर्षी सांगावे लागते. एल निनो दर दोन ते सात वर्षांनी येतो, वर्षभर राहतो आणि जातो. तो समुद्रातली साठलेली ऊब हवेत सोडतो. कार्बन डायऑक्साइड मात्र शतकानुशतके टिकतो. औद्योगिक काळाआधी हवेत त्याचे प्रमाण दहा लाख भागांत २८० च्या आसपास होते, २०२४ मध्ये ते ४२३ च्या वर गेले. त्याने अडवलेल्या जास्तीच्या उष्णतेतला नव्वद टक्क्यांहून मोठा वाटा समुद्र पोटात घेतो. समुद्राच्या वरच्या साधारण तीन मीटर पाण्यात जितकी उष्णता मावते, तितकी अख्ख्या वातावरणात मावते. एवढ्यावरून त्याचा आवाका ध्यानात यावा. दोन्ही एकावर एक आली की विक्रम होतात: १९९८, २०१६, २०२४. ही तिन्ही वर्षे मोठ्या एल निनोच्या कमाल जोरानंतरची आहेत, कारण समुद्राने सोडलेली उष्णता जगाच्या हवेत पसरायला काही महिने लागतात. औद्योगिक काळाआधीच्या पातळीपेक्षा दीड अंशाहून जास्त गरम ठरलेले पहिले वर्ष २०२४ होते. एल निनो ओसरला तरी समुद्र आधीच्या पातळीला परत जात नाही.

याचा परिणाम मोजमापावरही झाला आहे. सगळाच उष्ण पट्टा तापत असल्याने निनो ३.४ चा नुसता आकडा फसवू शकतो. वारा आणि ढग ठरतात ते शेजारच्या पाण्याशी असलेल्या फरकावर. म्हणून आता त्या पट्ट्याच्या आकड्यातून साऱ्या उष्ण समुद्रांची सरासरी वाढ वजा करून सापेक्ष निर्देशांकही काढतात. दोन संस्थांचे आकडे जुळले नाहीत तर लगेच 'शास्त्रज्ञांत मतभेद' म्हणू नका. आधी दोघे एकच गोष्ट मोजत आहेत का, ते पाहा.

आपल्या पावसावर या तापण्याचा जो ठसा दिसतो तो बेरजेत कमी आणि तऱ्हेत जास्त. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या भूभागावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि त्यांना बाष्प पुरवणारा मोठा स्रोत अरबी समुद्र. जवळपास त्याच काळात देशाचा एकूण मोसमी पाऊस साधारण सहा टक्क्यांनी घटला. मोजके दिवस कोसळतो आणि मधली उघडीप लांबते. ही बातमी एल निनो असो वा नसो, दर वर्षी देण्याजोगी आहे.

आता अंदाजाची भाषा. देशाची दीर्घकालीन सरासरी सध्या ८७ सेंटिमीटर धरतात, १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांची. तिच्या ९६ ते १०४ टक्के म्हणजे सरासरीइतका, ९० ते ९५ म्हणजे सरासरीपेक्षा कमी, ९० च्या खाली म्हणजे तुटीचा. एप्रिलच्या आकड्याला पाच टक्क्यांची आणि मेअखेरच्या आकड्याला चार टक्क्यांची चूक दोन्ही बाजूंना गृहीत असते. ही चूक बातमीतून गाळली की आकड्याचा अर्थच बदलतो. २०२३ चा अंदाज ९६ होता, पडला ९४. गट बदलला म्हणून 'अंदाज फसला' असे छापले गेले. प्रत्यक्षात तो आपल्या मर्यादेत अगदी आरामात बसला होता.

जिल्हा आणि उपविभाग यांच्या नकाशात 'सरासरी' हा शब्द वेगळ्याच मापाने येतो. तिथे उणे १९ ते अधिक १९ टक्के म्हणजे सरासरी. मराठवाड्यात १८ टक्के तूट असली तरी रंग सरासरीचाच. म्हणून उपविभागाचा रंग न छापता टक्के छापा, आणि जमल्यास कोरड्या दिवसांचा सर्वांत मोठा सलग खंडही द्या. पिकाचे मरण त्या खंडात असते, बेरजेत नसते. बेरीज आणखीही एका तऱ्हेने फसवते: २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला तेव्हा कुलाब्याला ७४ होता. दोन्ही मुंबईच.

रंगीत शक्यतेच्या नकाशाचे हाल सर्वांत जास्त होतात. त्यात पाऊस किती पडेल हे नसते. मागच्या वर्षांचे कमी, मध्यम आणि जास्त असे तीन समान भाग केलेले असतात, म्हणजे काहीच माहिती नसताना प्रत्येकाची शक्यता ३३ टक्के. विदर्भावर '५५ टक्के, जास्त' असा रंग असेल तर जास्त पावसाची शक्यता ३३ वरून ५५ झाली, एवढाच अर्थ. 'विदर्भात ५५ टक्के जास्त पाऊस' नव्हे. आणि पांढरा भाग म्हणजे पाऊस नाही असे नव्हे. तिथे तिन्ही शक्यता सारख्या.

समाजमाध्यमांवर फिरणारे दहा-पंधरा दिवसांपुढचे वादळाचे रंगीत चित्र हे बहुधा एकाच प्रारूपाच्या एकाच फेरीचे असते. ते प्रारूप दिवसातून चारदा चालते आणि सकाळचे वादळ संध्याकाळच्या फेरीत ओमानला गेलेले असते. अनेक फेऱ्यांचा संच काय म्हणतो ते पाहावे, आणि पाच दिवसांपुढच्या वादळासाठी किनाऱ्याचे नाव आणि तारीख छापू नये. दोन ते चार आठवड्यांसाठी हवामान विभागाचा विस्तारित अंदाज दर गुरुवारी निघतो. शेतकऱ्याच्या सर्वांत कामाचा तोच, आणि सर्वांत कमी छापला जाणाराही तोच.

हे सारे इतक्या बारकाईने सांगायचे कारण, मथळ्यावर लोकांचे पैसे लागलेले असतात. 'मोसमी पाऊस दाखल' या मथळ्यावर पेरणी करून दुबार पेरणीचा खर्च डोक्यावर घेणारे दर वर्षी असतात. कृषी विभाग ८० ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल येईपर्यंत थांबायला सांगतो. मोसमी वारे पोचल्याच्या प्रत्येक बातमीत हे वाक्य असावे. २०२३ मध्ये जुलैत बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर बंदी आली, ऑगस्टमध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क आले आणि नाशिक जिल्ह्यातले लिलाव बंद पडले, डिसेंबरमध्ये कांद्याची निर्यातच थांबली. या निर्णयांमागे भाववाढ होती, आणि भाववाढीमागे पावसाची तूट जितकी होती तितकीच तुटीची भीतीही. भीती मोजून-मापून पोचवणे हे तुमच्या हातात आहे.

शेवटी एक नमुना देतो. ११ एप्रिल २०२३ च्या अंदाजाची बातमी अशी लिहिता आली असती:

'जून ते सप्टेंबर या काळात देशात एकूण दीर्घकालीन सरासरीच्या ९६ टक्के पाऊस पडेल, असा हवामान विभागाचा अंदाज आहे. त्यात पाच टक्क्यांची चूक गृहीत आहे, म्हणजे ९१ ते १०१ टक्के. प्रशांत महासागर सध्या तटस्थ असून पावसाळ्यात एल निनो तयार होण्याची शक्यता आहे. हिंदी महासागराचा द्विध्रुवही तटस्थ आहे, तो धन होऊ शकतो. एप्रिलमध्ये बांधलेले प्रशांताचे अंदाज वर्षातले सर्वांत कच्चे असतात. हा आकडा सगळ्या देशाचा आहे. यावरून कोणत्याही जिल्ह्याचा पाऊस, पावसाच्या आगमनाची तारीख किंवा पेरणीची वेळ ठरवता येत नाही. सुधारित अंदाज मेअखेरीस येईल.'

मेअखेरीस हीच चौकट ठेवून आकडे बदलावेत आणि एप्रिलचा आकडा शेजारी छापावा, म्हणजे काय बदलले ते वाचकाला दिसेल. जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबरचे मासिक अंदाज आदल्या महिन्याच्या अखेरीस येतात; त्यांनाही तेवढीच जागा द्यावी.

आपले,
हवामान आणि समुद्रविज्ञानाचे काही अभ्यासक व शिक्षक